पितळाची मशागत

कोल्हापुरात मी नेमबाजी शिकले ती पॉइंट टू-टूवर. त्या काडतुसात पेट घेणारा मसाला पितळाच्या कडेतच आतून भरलेला असतो. पिन आपटून कड एकदा चेपली की ते पितळ संपलं, परत भरता येत नाही. नेमबाजाच्या हातात राहतो तो फक्त लॉट. कंपनी तीच, नाव तेच, पण डब्यावरचा लॉट नंबर बदलला की पन्नास मीटरवरचा ग्रुप बदलतो. म्हणून आपल्या बॅरलला मानवणारा लॉट शोधायचा आणि सापडला की परवडेल तेवढा घेऊन ठेवायचा. 2024 मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं, ते याच पॉइंट टू-टूच्या थ्री पोझिशनमध्ये.

ओहायोत आल्यावर मी एफ-क्लासकडे वळले. पुढे दोन पायांचा स्टँड, मागे वाळूची पिशवी, पालथं झोपून सहाशे किंवा हजार यार्डांवर नेम. रायफल .308 विंचेस्टरची. सहाशे यार्डांवर दहाचं वर्तुळ 6 इंचांचं आणि त्यातलं एक्सचं 3 इंचांचं. फॅक्टरीत भरलेलं मॅच काडतूस वाईट नसतं, पण ते कुणाच्याही रायफलीत बसावं अशा मापानं केलेलं असतं. मला ते माझ्या एकाच चेंबरमध्ये नेमकं बसायला हवं होतं. इथे स्वतःपुरतं काडतूस भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. भारतात मात्र शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याकडचे उत्तम नेमबाजही या कामाला हात न लावता कारकीर्द संपवतात. ते काम आतून कसं असतं हे त्यांना सांगावं असं मला फार दिवस वाटत होतं.

क्लबातल्या एका निवृत्त टूलमेकरांनी मला हाताशी धरलं. माझ्या डोक्यात पावडर होती; कोणती, किती, एवढंच मी विचारत होते. त्यांनी पावडरचा डबा उघडूच दिला नाही. टोकाला काटकोनात वाकवलेली एक बारीक तार हातात दिली, चार-पाच वेळा उडालेलं एक पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, दिलं आणि म्हणाले, “तार आत घाल, तळाकडून वर ओढ, आणि काय लागतं ते सांग.” टोक तळापासून थोडं वर सरकलं आणि एका जागी खट्‌कन अडकलं. बाहेरून केस गुळगुळीत, चकचकीत. आत मात्र सबंध घेर फिरणारी एक खाच. त्यांनी ते केस करवतीनं उभं कापून दाखवलं: त्या खाचेपाशी भिंत निम्मीसुद्धा उरली नव्हती. पुढच्या बाराला केस तिथूनच तुटलं असतं, आणि .308 मध्ये चौरस इंचाला 62,000 पौंडांपर्यंतचा दाब असतो.

ती खाच का पडते हे कळलं की या कामाचा गाभा कळतो. बार उडताना केस फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटतं आणि दाब उतरला की किंचित आखडतं. म्हणजे एकदा उडालेलं केस हा तुमच्या चेंबरचा साचाच. ते पुन्हा भरण्याआधी प्रेसमध्ये, डायखाली दाबून थोडं लहान करावं लागतं. प्रश्न एवढाच की किती लहान. खांदा, म्हणजे केस गळ्याकडे निमुळतं होतं तो उतार, जास्त मागे ढकलला तर केस चेंबरमध्ये सैल राहतं, बार उडताना दर वेळी लांबीला ताणलं जातं आणि ताण सगळा तळाच्या वरच्या भिंतीवर येतो. अजिबात ढकलला नाही तर काही फेऱ्यांनी बोल्ट जड लागायला लागतो. बोल्टच्या रायफलीला दोन थाऊ पुरतात, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. डायसोबत आलेल्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत फिरवा आणि वर आणखी थोडा. कुणाचीही रायफल अडू नये म्हणून दिलेली ती सूचना आहे, आणि माझ्या मते चांगली पितळं सगळ्यांत जास्त तिच्यामुळे वाया जातात. खांद्याचं माप घेऊन डाय लावायचा, दुसरा रस्ता नाही.

माझे बाबा शिरोली एमआयडीसीत लेथवर होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना टेबलावरचा कॅलिपर दिसला. रायफलीबद्दल त्यांनी कधी फारसं विचारलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, “किती घेतेस गं?”

“दोन थाऊ, बाबा.”

“मग एका मापावर जाऊ नको. जॉब फिरवून फिरवून तीनदा माप.”

तेव्हापासून मी तशीच मापते. आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा तळावर प्रायमरची, म्हणजे या काडतुसात तळाच्या मधोमध वेगळ्या बसवलेल्या पेटत्या मसाल्याच्या टोपीची, कड वर आलेली असते, म्हणून जुना प्रायमर काढूनच माप घ्यायचं हेही त्यातूनच पक्कं झालं.

बाकीची कामं त्याच ओघात येतात. डायमध्ये घालण्याआधी केसला लॅनोलिनचा हात फिरवायचा, पोळीला पुसटसं तूप लावावं तेवढाच. कमी पडलं तर केस डायमध्ये रुतून बसतं, जास्त झालं तर खांद्यावर पोचे पडतात. केसची लांबी 2.015 इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर गळ्याची कड चेंबरच्या टोकाला भिडून गोळीला आवळते आणि दाब वाढतो. गळा दर फेरीला कडक होत जातो, तो ज्योतीवर मऊ करून घ्यावा लागतो. तळाला मात्र ती उष्णता कधीच लागू द्यायची नाही, कारण दाब झेलणारा भाग तोच.

पावडरचं काम यानंतर आलं आणि ते अपेक्षेपेक्षा लवकर उरकलं. टेबलावर एका वेळी एकच डबा, तोही त्याच्या मूळ लेबलसकट. भार मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, दुसऱ्या कुणाच्या वहीतला आकडा कधीच नाही. गोळी बसवण्याआधी ठोकळ्यातल्या सगळ्या केसांवर टॉर्च मारून पातळी सारखी दिसते का ते पाहायचं. वजन ग्रेनमध्ये होतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. काडीसारखी पावडर असेल तर एकेक काडी टाकून काटा बसवता येतो, आणि त्यात रमायला कुणालाही आवडेल. पण गळ्याची पकड केसागणिक वेगळी असेल तर काडीकाडीनं साधलेली बरोबरी तिथेच वाहून जाते. पितळ सारखं केल्यावरच ती वेगात दिसते.

वेग क्रोनोग्राफवर मोजतात. इथे मला कळकळीनं एक सांगायचंय. पाच गोळ्या मारून वेगातलं विचलन सेकंदाला 4 फूट आलं म्हणून लोक खूश होऊन भार कायमचा ठरवून टाकतात. खरं विचलन 10 असलं तरी पाच गोळ्यांत ते 4 दिसू शकतं आणि 16 सुद्धा. तीन गोळ्यांचा नाण्याएवढा ग्रुप तर काहीच सांगत नाही. दोन भारांत फरक आहे असं म्हणायचं असेल तर दोन्हींच्या वीस-तीस गोळ्या वेगवेगळ्या दिवशी मारून पाहाव्यात. बहुतेक वेळा फरक नसतोच. मग दाबाच्या दृष्टीनं जो मवाळ, तो घ्यावा.

हे सगळं जमल्यावर सहाशे यार्डांवर काय पदरात पडतं त्याचा हिशोब मी वहीत मांडून ठेवलाय. 175 ग्रेनची गोळी सेकंदाला 2600 फुटांनी निघते असं धरलं तर वेगात 20 फुटांची चूक म्हणजे टार्गेटवर दीड-दोन इंच खाली-वर. एक्सच्या 3 इंचांत ती चूक मोठी आहे आणि पितळाची मेहनत तिच्यासाठीच आहे. पण आडवा वारा ताशी एका मैलानं चुकीचा वाचला, तर तीच गोळी तीनेक इंच बाजूला जाते. दहाचं वर्तुळ मधून कडेपर्यंत तेवढंच आहे. माझ्या टार्गेटवर खालचे-वरचे नऊ आता क्वचित पडतात. पडतात ते डावे-उजवे.

म्हणून भार बदलणं मी थांबवलंय. बॅरलचा घसा झिजून वेग उतरायला लागेपर्यंत हीच पावडर, हीच गोळी, खांदा दोन थाऊ मागे. पितळाचं काम हिवाळ्यात उरकून डबे भरून ठेवते. उन्हाळ्यात लेक इरीच्या काठावर कॅम्प पेरीला, 1907 पासून जिथे राष्ट्रीय सामने भरतात तिथे, हजार यार्डांवर जायचंय. तळ्यावरून येणारा वारा लाल झेंड्यांना एकीकडे आणि टार्गेटजवळच्या गवताला दुसरीकडे वाकवतो म्हणतात. सध्या रेंजवर गेले की मी अर्धा वेळ रायफल बाजूला ठेवून दुर्बिणीतून नुसती मृगजळाची धाव पाहते आणि वेगाचा अंदाज वहीत लिहून शेजारच्या वारामापकाशी ताडून बघते.