आमटी खालून ढवळा

मित्राच्या लेकीचं लग्न होतं, तासगावजवळच्या त्याच्या गावी. पत्रिका सगळ्यांना एकच गेली, पण आम्हा सहा-सात जणांना त्याने फोनवर वेगळं सांगितलं, "आदल्या दिवशीच या." पाहुण्याला असं कुणी सांगत नाही. आदल्या दिवशी घरचं माणूस येतं.

आम्ही एकमेकांच्या घरचे झालो ते कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत. वसतिगृहावर राहायचं, रोजचे काही तास विद्यापीठाचं काम करायचं आणि त्या श्रमावर एम.ए., एम.एस्सी. पुरी करायची. कुणी ग्रंथालयात पुस्तकं लावी, कुणी बागेला पाणी देई, कुणी टपाल फिरवी. कोल्हापूरच्या मातीतच हे होतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे जातीजातींच्या पोरांसाठी गावात वसतिगृहं निघाली. इथंच बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि राबून शिकण्याला मान मिळवून दिला. विद्यापीठ आलं ते १९६२ मध्ये. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरातली पहिली पदवी तिथली. फीसाठी बापाला बैल विकावा लागला नाही, हे ऋण मोठं आहे.

संध्याकाळी मांडवात भेटलो तेव्हा मात्र पहिला चहा अडखळत गेला. 'अरे' म्हणावं की 'अहो'? एक मोठा अधिकारी होऊन निवृत्त झालेला, एकाची द्राक्षबाग, मुलींच्या वसतिगृहातली आमची मैत्रीण आता मुख्याध्यापिका. मुलं, बदल्या, गुडघे. बोलणं लवकरच संपलं. राजाराम तलावाकडून येणारा वारा, पहाटे झोप मोडणारे मोर, हेही आठवून झालं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वाढपी कमी पडले. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. मुख्याध्यापिका आहेराची वही घेऊन बसली. द्राक्षबागवाल्याने पत्रावळ्या मांडल्या, मी मीठ-चटणी घेतली, मागून वांग्याची भाजी, बुंदी, भात. अधिकारीसाहेबांनी बाह्या दुमडून आमटीची बादली उचलली. तेवढ्यात पलीकडून जुनी हाक आली, "ए, खालून ढवळ की लेका!"

मेसमधला आमचा तो नियम. डाळ तळाशी बसते. वरवर वाढत गेलं तर पहिल्यांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ. म्हणून दर पानाला वगराळं तळापर्यंत जायलाच हवं. उपाशीपोटी कामावरून येणाऱ्या पोरांनी स्वतःच घालून घेतलेला हा नियम मला आजही न्यायाचा वाटतो. साहेबांनी ढवळलं, वाढलं, पुढे सरकले. त्यानंतर 'अहो' कुणाच्याच तोंडी आलं नाही.

आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो. नवरीचा बाप फेटा काढून आमच्यात येऊन बसला. वाढायला गावातली पोरं होती. त्यातल्या एकाला त्याने विचारलं, "काय शिकतोस रं?"

"बी.एस्सी., शेवटचं वर्ष. पुढं बघायचं, काका. खर्च झेपंल असं वाटत नाही."

त्याचा हात बादलीवरच थांबला, कारण आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो होतो: अर्ज कधी भरायचा, कुठल्या कार्यालयात जायचं, सोबत कोणते दाखले न्यायचे.