नववीच्या वर्गाचा निरोप

बी. एड्. च्या दुसऱ्या वर्षीं छात्राध्यापकास १६ आठवडे शाळेंत राहून शिकवावें लागतें. २०१४ सालच्या नियमांनीं हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, व शाळेंतील वास्तव्यही वाढलें. आमचे ते आठवडे याच शाळेंत, इयत्ता नववीस इंग्रजी शिकविण्यांत गेले. संपादकांनीं त्याविषयीं चार ओळी मागितल्या, तेव्हां साधलेल्या पाठांविषयीं लिहावें असा मोह झाला; परंतु मनांत राहिला आहे तो एक न साधलेला पाठ.

दुसरा आठवडा होता व विषय प्रश्नार्थक वाक्यांचा. पाठटाचण नीटनेटकें, उद्दिष्टें लाल शाईनें अधोरेखित, आणि मागच्या बाकावर निरीक्षणास आमचे प्राध्यापक बसलेले. तिसऱ्या बाकावरील एका मुलीस आम्हीं प्रश्न करावयास सांगितलें. ती उठली व स्पष्ट आवाजांत म्हणाली, “व्हेअर यू गो?” वर्ग हंसला. त्या क्षणीं वर्गास आवरणें आमचें कर्तव्य होतें. पण आम्हांसही हंसूं आलें, व तें तिनें पाहिलें. ती खालीं बसली. प्राध्यापकांनीं वहींत शेरा लिहिला : ‘वर्गाचा प्रतिसाद उत्तम.’

रात्रीं वह्या तपासतांना ध्यानांत आलें कीं, तिची चूक अज्ञानाची नव्हे, तर्काची होती. ‘तूं कोठें जातोस?’ या वाक्यांत कोठें, तूं व जाणें एवढींच पदें आहेत. तीं तिन्ही तिनें प्रामाणिकपणें इंग्रजींत नेऊन ठेविलीं. इंग्रजीला मात्र तेथें ‘डू’ लागतें. त्याला त्या जागीं स्वतःचा असा कांहीं अर्थ नाहीं. ‘जातोस का?’ म्हणतांना मराठी आपला ‘का’ शेवटीं लावते. इंग्रजी ‘डू’ आरंभीं आणते. त्यांतून ‘ही’ किंवा ‘शी’ आली कीं ‘डू’ चें ‘डझ’ होतें, आणि ‘गोज’ चें शेपूट गळतें! इंग्रज मुलेंही बोलावयास शिकतांना प्रथम हें सहायक क्रियापद गाळतात, हें आम्हीं पुढें वाचलें. पूर्वींच वाचावयास हवें होतें.

दुसऱ्या दिवशीं फळ्याचे दोन भाग करून एकीकडे मराठी व एकीकडे इंग्रजी वाक्य लिहिलें, आणि कालचें वाक्य कसें बनलें तें वर्गासच शोधावयास लाविलें. इंग्रजीच्या तासास मराठीचा शब्द नको असें मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. मुलें शोधांत रमलीं. तास संपण्यापूर्वीं आम्हीं सर्वांसमक्ष त्या मुलीची क्षमा मागितली. तिनें मान हलविली, एवढेंच. हात मात्र पुढें कित्येक आठवडे वर झाला नाहीं.

मग पत्रलेखन, चाचणीचे पेपर, स्नेहसंमेलनाची धांदल, यांत दिवस भराभर गेले.

निरोपाच्या दिवशीं मुलांनीं फळ्यावर रंगीत खडूनें फुलें काढिलीं होतीं. आम्ही बोलावयास उभे राहिलों व योजिलेलें सर्व विसरलों. इतक्यांत तिसऱ्या बाकावर हात वर झाला. ती उठून म्हणाली, “सर, व्हेअर डू यू गो नाऊ?”

वर्गांत कोणी हंसलें नाहीं. व्याकरणाप्रमाणें तेथें ‘आर यू गोइंग’ हवें होतें. तें सांगावें कीं न सांगावें, या विचारांत आम्ही असतांनाच घंटा झाली.