मोतीसाठी घर

भाद्रपद सरून दोन महिने झाले, की मुरबे गावच्या खाडीकाठी, वर ओढून ठेवलेल्या जुन्या होड्यांच्या आडोशाला पिल्लांची कुईकुई ऐकू येऊ लागते. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे ही जन्मवेळ जवळजवळ ठरलेलीच. थंडीचे दिवस असतात, बोंबील वाळत असतात, मासळीची डोकी-शेपट्या इतस्ततः पडलेल्या असतात. आईला अन्न मिळते, पिल्लांना दूध. पुढे १ जूनपासून मासेमारी थांबते, किनारा ओस पडतो आणि कुत्र्यांचे ताटही त्याबरोबर रिकामे होते. थंडीत जन्मलेली सारीच पिल्ले तो पावसाळा पार करीत नाहीत.

मोती ही अशाच एका वेतातली. तिने एक पावसाळा काढला. दुसऱ्याच्या आधी एका टेम्पोने तिचा मागचा डावा पाय मोडला. मासळी सुकविणाऱ्या एका वृद्ध मावशींनी तिला गोणपाटात गुंडाळून आपल्या पडवीत आणले. माझे त्या घरी जाणे-येणे असल्याने पशुवैद्यांची गाठ मी घालून दिली, एवढाच काय तो माझा वाटा. हाड सांधले, पण पाय किंचित वाकडा राहिला. तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आहे, कानाला त्याची खूण म्हणून खाच आहे, आणि रेबीजची लसही टोचलेली आहे. आता मावशी पावसाळ्यापूर्वी लेकीकडे कायमच्या राहावयास जाणार आहेत. तेथे भाड्याच्या दोन खोल्या आहेत आणि घरमालकाची आधीच ताकीद आहे. तेव्हा मोतीसाठी घर हवे.

शोध सुरू झाल्यावर माणसांचे नाना नमुने पाहावयास मिळाले. एका सद्गृहस्थांना वाडीसाठी राखणदार हवा होता. मोतीची चाल पाहून ते चहाही न घेता उठले. दुसरे म्हणाले, “फादर, कुत्री नको, कुत्रा असेल तर सांगा.” शस्त्रक्रियेमुळे आता पिल्लांचा प्रश्नच उरला नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितले, परंतु मादीविषयीची आपली नावड फार जुनी आहे आणि ती कुत्र्यांपुरतीच मर्यादित नाही. तिसऱ्या कुटुंबाने तिला मोठ्या हौसेने नेले. मुलांनी गळ्यात रिबीन बांधली, छायाचित्रे काढली. नवव्या दिवशी ती परत आली. तक्रार एवढीच, की ती पलंगाखालून बाहेर येत नाही, नीट खात नाही आणि मुलांशी खेळत नाही.

मला त्या कुटुंबाचा राग आला नाही, नवल मात्र वाटले. रस्त्यावर मार खाल्लेले जनावर नव्या घरात आले, की पहिले काही दिवस कोपरा धरून बसते. घरातील वेळा, आवाज व वास ओळखीचे होण्यास काही आठवडे लागतात, आणि मन मोकळे होण्यास कित्येकदा महिने. नवी सून माहेरच्या आठवणीने आठ दिवस जेवली नाही, तर आपण तिला परत पाठवितो काय?

बायबलमध्ये कुत्र्याचे नाव बहुधा तुच्छतेनेच येते. तोबीतच्या पुस्तकात मात्र तरुण तोबिया देवदूत रफाएलच्या सोबतीने दूरच्या प्रवासास निघतो तेव्हा एक कुत्राही त्यांच्याबरोबर चालू लागतो, आणि परतीच्या वाटेवरही तो असतोच. पवित्र लेखकाने त्याचे कर्तृत्व काहीच सांगितलेले नाही. रतन टाटांच्या ‘गोवा’ नावाच्या कुत्र्याची आठवण मला येथे होते. गोव्याच्या रस्त्यावरचे ते बेवारस पिल्लू टाटांकडे आले आणि मुंबईच्या बॉम्बे हाऊसमध्ये वाढले. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनासाठी त्यालाही आणण्यात आले होते. मोतीला बॉम्बे हाऊस नको, पडवी पुरे.

भटक्या कुत्र्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा बसताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. या भीतीचा आणि भूतदयेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने प्राणिप्रेमींना भटकी कुत्री दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ही अट मला फार आवडली. दत्तक या शब्दाचे वजन तिच्यात आहे.

मोती अजून दहा-बारा वर्षे जगेल असे धरून यावे. दरवर्षी लस, दोन वेळचे अन्न, पावसात कोरडी जागा, साखळी नको. बोईसरच्या इमारतींत राहणारे कुणी असतील तर त्यांनी सोसायटीच्या धाकाने मागे सरू नये. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळविलेले आहे. येताना घरातील सर्वांनी यावे आणि तासभर तरी पडवीत नुसते बसावे. ती आपण होऊन जवळ येते. हाका मारून येत नाही.

मावशींची स्वतःची एकच अट आहे. “फादर, नाव तेवढं बदलू नका म्हणावं त्यांना. तिला आपला तेवढाच शब्द कळतो.”