न दुखणारी जखम

गेल्या वैशाखातली गोष्ट. भर दुपारी आमच्या केळझरच्या टेकडीवरच्या गणपतीला गेलो. तापलेल्या फरशीवरून अनवाणी चाललो, पण काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी सौ. घाबरून म्हणाली, "अहो, हे रक्त कुठलं?" करंगळीखाली फोड येऊन फुटला होता. मधुमेहाला वीस वर्षं झाली. पायाची जाणीव कधी गेली, कळलंच नाही.

"दुखत नाही ना, मग काय!" म्हणत आठ दिवस हळद लावत बसलो. आजचं काम उद्यावर ढकलू नका, असं जन्मभर मुलांना शिकवणारा मी!

नागपूरला दाखवलं तोवर पू झाला होता. पुवाच्या तपासणीचा कागद आला. औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. पस्तीस वर्षं निकालपत्रकं लिहिली, पण एका पानावर इतके नापास कधी पाहिले नव्हते. दोनच औषधं पास!

नातू भौतिकशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "आबा, आता जखमेवर थंड प्लाझ्मा वापरतात." मला वाटलं, रक्तातला प्लाझ्मा. तो हसला. वायूला मोठा विद्युतदाब दिला की काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो हा प्लाझ्मा. आकाशातल्या विजेत असतो, ट्यूबलाइटमध्येही असतो. थंड प्रकारात इलेक्ट्रॉन तेवढे तापलेले, बाकी वायू अंगाला सोसेल इतका कोमट. त्यातून ऑक्सिजन-नायट्रोजनचे जहाल कण तयार होतात आणि जंतूंचं कवच फोडतात. घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसतो, म्हणून औषधांना निर्ढावलेले जंतूही प्रयोगशाळेत त्यापुढे मरतात.

पण माणसाच्या जखमेत? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जर्मनीतल्या म्युनिक इथल्या डॉक्टरांनी ३६ रुग्णांच्या जुनाट जखमांवर रोज पाच मिनिटं हा उपाय केला. जंतू ३४ टक्के जास्त घटले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जर्मन चाचणीत मधुमेहींच्या पायाच्या जखमा लवकर आकसल्या, पण जंतूंच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे आज तरी नेहमीच्या उपचाराला जोड, एवढंच म्हणावं.

माझी जखम जुन्याच वाटेने भरली. मेलेलं मांस काढणं, रोजचं ड्रेसिंग, इन्शुलिन, आणि पायावर भार न देणं. करंगळी मात्र गेली.

त्या अडीच महिन्यांत दत्तपूर सारखं आठवायचं. वर्ध्याजवळचं हे कुष्ठधाम मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली सुरू केलं. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो होतो. पायाला फडकी गुंडाळलेली माणसं पाहून मी वडिलांच्या धोतरामागे लपलो. रोगाने बोटं आपोआप झडतात, अशी माझी समजूत. खरं तर जाणीव जाते, जखम कळत नाही, ती चिघळते आणि मग बोटं जातात. आता माझा पायही त्यांच्यासारखाच. कोणामागे लपणार?

नवं यंत्र आपल्या तालुक्यापर्यंत येवो, जरूर येवो. पण जखम आहे हे आधी कोणाला तरी दिसायला हवं. आता रोज रात्री झोपण्यापूर्वी सौ. कंदिलासारखा मोबाइल धरते आणि माझे तळवे निरखते. तिलाही साखर निघाली आहे. मग मी तिचे पाहतो.

मंडळी, आज रात्री तुम्हीही पाहा.