सायलेन्सरचे नट

9 नोव्हेंबर, रत्नागिरी

ओम्नीचा सायलेन्सर गेला. खालून डब्याला बोट लावलं तर पत्र्याचा पापुद्राच हातात आला. खाऱ्या हवेनं बाहेरून खाल्ला असं सगळे म्हणतात, पण तो आतूनही तितकाच सडतो. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या पल्ल्यात त्याची वाफ होऊन बाहेर पडते. बाजार, शाळा आणि परत घर अशा फेऱ्यांत डबा धड तापतच नाही, पाणी तळाशी बसून राहतं. आमची गाडी आंब्याचे दोन महिने पेट्या वाहते, बाकी वर्षभर असल्याच फेऱ्या मारते.

ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, तरी तिचं 796 सीसीचं इंजिन इतकं खपलेलं आहे की सुट्या भागांची ददात नाही. सायलेन्सर, पुढचा पाइप, पॅकिंग असं सगळं एकाच दुकानात मिळालं. नटबोल्ट तेवढे सोबत नव्हते. "ते काय, कुठलेही टाका," दुकानदार म्हणाला.

10 नोव्हेंबर

या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे मॅनिफोल्डला पाइप जिथे जोडतात तो सांधा जवळजवळ ड्रायव्हरच्या खालीच. तिथून गळती झाली तर नुसता आवाज वाढून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखायला लागलं तर माणूस उन्हाला दोष देतो.

मिस्त्रींनी नटांवर काल रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं. एक नट निघाला. दुसऱ्याला पाना लावला, तर नटासकट स्टडच पिळला जाऊन तुटला. लोखंड गंजलं की फुगतं, आट्यांमधली जागा भरून टाकतो तो गंज. वर वर्षानुवर्षांचा ताप. नट आणि स्टड दोन राहतच नाहीत.

तुटका स्टड काढणं मात्र बघण्यासारखं होतं. मिस्त्रींनी उरलेल्या खुंटावर एक जुना नट ठेवला आणि त्याच्या भोकात आर्क वेल्डिंग भरलं. नट लाल झाला, मग काळा पडला. लाल असताना हात लावला नाही. "आता ओढला तर परत मोडेल, ताई." काळा पडल्यावर पाना लावून थोडं उलट, थोडं सुलट, परत थोडं उलट. खुंट कुरकुरत बाहेर आला. मग भोकात टॅप फिरवून आटे साफ केले.

11 नोव्हेंबर

नटबोल्टच्या दुकानात गेले. "मिस्त्री कोण आहे?" हा पहिला प्रश्न. बाईला 8.8 आणि 10.9 यांतला फरक कळतो याची खात्री पटेपर्यंत काकांनी दोन चहा पाजले.

लोकांना वाटतं आकडा मोठा तितका बोल्ट चांगला. 8.8 म्हणजे 800 मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या 0.8 पट, म्हणजे 640 ला कायमचा ताणला जाणारा. सायलेन्सरच्या सांध्याला एवढी ताकद पुरून उरते. 10.9 चे जादा पैसे इथे वाया, कारण प्रश्न ताकदीचा नाही, तापाचा आणि गंजाचा आहे. पांढऱ्या झिंकच्या मुलाम्याचंही तेच. मागे ठीक, पण मॅनिफोल्डजवळ काही उपयोगाचा नाही. जस्त 419 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी त्याचा बचाव संपतो.

मापाचाही घोळ आहे. गाडी जपानी पद्धतीची, त्यामुळे 8 मिलिमीटरच्या बोल्टला 12 चा पाना आणि 10 च्या बोल्टला 14 चा. बाजारातल्या 8 च्या बोल्टचं माथं 13 आणि 10 चं बहुधा 17. ते 17 चं माथं पाइपच्या बाकाला अडतं, पाना फिरतच नाही. शिवाय माझ्या गाडीचे 10 चे बोल्ट 1.25 च्या बारीक आट्यांचे निघाले आणि काकांच्या डब्यातले सगळे 1.5 चे. असा बोल्ट दोन फेरे हातानं जातो, मग पान्यानं रेटला की आटे गेलेच. जुना बोल्ट खिशात घेऊन जाण्याला पर्याय नाही.

"मग सगळे एसएसचे द्या ना बदलून," शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले. समुद्रकाठी हाच सल्ला मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टवर स्टीलचाच नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांना घासून जागच्या जागी चिकटतात, मग गंज नसताना करवत लागते. दुसरं, हे स्टील तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट लांबतं. फ्लँज साध्या लोखंडाचा आणि बोल्ट स्टीलचा असला तर गरम झाल्यावर पकड सैल होते. आणि बाजारात निम्मं स्टील 202 जातीचं. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, समुद्राच्या हवेत त्यावर तांबूस डाग पडतात. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, तो 304 लाही जेमतेमच चिकटतो. माथ्यावर ए2-70 किंवा ए4-70 कोरलेलं असेल तरच घ्यावं. ए4 मध्ये मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे ते जास्त टिकतं.

12 नोव्हेंबर

ठरलं. सीटखालच्या सांध्याला काळे 8.8 चे स्टड आणि पितळी नट. पितळ गंजून पोलादाला धरत नाही, फारच अडलं तर नट चिरला जातो, स्टड वाचतो. मिस्त्री म्हणाले, त्यांच्या उस्तादाकडे मॅनिफोल्डला पितळीच नट लागायचे. तयार मिळाले ते नळकामाचे, बसके. पितळ नरम, म्हणून आटे जास्त हवेत. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत 13 च्या षटकोनी सळईतून 12 मिलिमीटर उंचीचे नट लेथवर काढून घेतले. टर्बो गाडीला मी हे करणार नाही, तिथला ताप वेगळा.

मधल्या फ्लँजला 8.8 चे बारीक आट्यांचे 14 माथ्याचे बोल्ट. ते सुझुकीचेच मागवले, बाहेर शोधत बसले नाही. त्यांना डोकं दाबलेले संपूर्ण धातूचे लॉकनट. नायलॉकमधलं नायलॉन 120 अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं आणि स्प्रिंग वायसर तापून आपला ताण विसरतो.

मागच्या हँगरला ए4 स्टील. तिथे ताप नाही, नुसता चिखल आणि मीठ. मोठ्या लोखंडी पट्टीत छोटा स्टीलचा बोल्ट चालतो. उलट, स्टीलच्या मोठ्या डब्याला छोटा लोखंडी बोल्ट लावला तर तोच आधी खाल्ला जातो.

15 नोव्हेंबर

बसवला. सगळ्या आट्यांना कॉपर ग्रीस. त्यातलं तेल जळून जातं, तांब्याची पूड राहते आणि तीच उपयोगाची. वंगण असलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. कोरड्या 8 च्या 8.8 बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर चालतात, पितळी नटाला मी 18 वर थांबले. मिस्त्रींना टॉर्क पान्याचं हसू आलं. त्यांचं मनगट 20 ला थांबतं, हे मोजून पाहिलं. आधी सगळे नट हातानं, पाइप रबरांवर मोकळा लोंबकळू द्यायचा, मग पुढून मागे आवळत जायचं. उलट केलं तर पाइपाचा सगळा ताण सीटखालच्या सांध्यावर येतो.

16 नोव्हेंबर

हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढून आले. घरी पूर्ण थंड झाल्यावर पाना लावला. पितळी नट पाव फेरा फिरले, पॅकिंग दबलं असणार. बाकीचे हलले नाहीत. मग इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाला क्षणभर ओलं फडकं धरून पाहिलं, सांध्यावर फुसफुस नाही.

ज्यांच्याकडे ही व्हॅन अजून आहे त्यांनी नट कुठलेही निवडावेत, पण सीटखालचा सांधा एकदा खोलला की पॅकिंग नवंच घाला. जुनं परत बसवू नका.