नॉर्मल लॉस

आमच्या कॉस्टिंगच्या सरांचा एक विनोद आहे. तो सोमवारी उल्हासनगरला आमच्या कॉलेजात होतो, मंगळवारी अंबरनाथला आणि बुधवारी बदलापूरला. "मागच्या बाकावर झोपतो तो नॉर्मल लॉस, पहिल्या बाकावर झोपतो तो ॲबनॉर्मल." एवढाच. पण तो सांगण्याआधी सर खडू खाली ठेवतात, चष्मा काढतात, रुमालाने पुसतात. वर्गाला तयारीला भरपूर वेळ मिळतो. मध्ये एकदा वेळापत्रक फिरलं आणि विनोद आधी बदलापूरला पोचला. तिथल्या कॉलेजात माझा शाळेतला मित्र आहे, त्याने रात्रीच मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी सरांनी नुसता चष्मा काढला आणि आमचा अख्खा वर्ग हसला. सरांनी चष्मा परत लावला. "बरं, पुढचं गणित घ्या."

सर तासिका तत्त्वावर आहेत. स्टाफरूमच्या भाषेत सीएचबी. सेट झालेली, पीएचडी चाललेली, आणि कायम नोकरीची जाहिरात निघेल तेव्हा निघेल. तोवर तीन गावांत तीन कॉलेजं आणि तासागणिक हिशेब. शिकवला त्या तासाचे पैसे. दिवाळी कोरडी, उन्हाळा कोरडा. बिलं जातात, फिरतात, सही राहिली म्हणून परत येतात. पावसाने लोकल बंद पडल्या की कॉलेजच्या ग्रुपवर आम्ही नाचणाऱ्या बाहुल्या टाकतो. त्या ग्रुपवर सरही आहेत. ते अंगठा दाखवतात. आमची सुट्टी, त्यांचा खाडा.

इकडे आम्हाला ७५ टक्के हजेरी लागते. मुंबई विद्यापीठाचा ६०८६ क्रमांकाचा अध्यादेश आमच्या वर्गात ज्याला त्याला तोंडपाठ आहे. अभ्यासक्रमातलं दुसरं काही इतकं पाठ नाही. म्हणजे वर्गात दोन्ही बाजू तास भरायलाच बसलेल्या. सर मस्टरवर सही करतात, आम्ही शीटवर. फरक इतकाच की सरांना स्वतःची सही स्वतःच करावी लागते.

नव्या शैक्षणिक धोरणाने या तासांना आणखी रुबाब दिला. आता सत्राला २२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. विषयांची नावं जाऊन अक्षरं आली: मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी. आईने विचारलं, "आज काय झालं कॉलेजात?" मी म्हटलं, "व्हीएससी." ती म्हणाली, "ती तर तुला लहानपणीच टोचलीय."

कॉलेजला पोचणं हा मात्र अक्षरांबाहेरचा विषय. बदलापूर, मग अंबरनाथ, मग उल्हासनगर. ऐकायला दोनच स्टेशनं. पण सकाळच्या गाडीतली सगळी गर्दी ठाणे, दादर, सीएसएमटीची. अंबरनाथची माणसं जागा धरायला उलटी बदलापूरला येऊन बसलेली. त्यांच्यात आपण दाराशी उभं राहून पुटपुटायचं, "उल्हासनगर, उल्हासनगर." मागून आवाज येतो, "उल्हासनगरला उतरायचंय? मग चढलास कशाला?" याला उत्तर नाही. खांद्यावरची बॅग पोटावर घेऊन, जर्नल छातीशी धरून मी फलाटावर फेकला जातो, आणि शेजारच्या दारातून सर फेकले जातात. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. दोघंही शर्ट नीट करतो. जिना चढून उतरलं की पुन्हा ते सर आणि मी विद्यार्थी.

कॉस्टिंग हा कंटाळवाणा विषय आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं. प्रोसेस एक, प्रोसेस दोन, हजार युनिट आत, दहा टक्के नॉर्मल लॉस म्हणजे वाया जाणार हे धरलेलंच, भंगाराची किंमत युनिटला पाच रुपये. हे हजार युनिट कसले, ते पुस्तक सांगत नाही. एके दिवशी मात्र आमच्यातला एक सिंधी मित्र, जो एरवी वर्गात मोबाइलवर ऑर्डरी घेतो, अचानक म्हणाला, "सर, दस परसेंट किसका? इतना गया तो मास्तर को निकाल देंगे."

त्याच्या घरची कॅम्प पाचमध्ये जीन्सची शिलाई आहे. आजोबा फाळणीनंतर कराचीहून आले आणि लष्कराच्या रिकाम्या बराकीत राहिले. त्या छावणीचं नाव १९४९ साली उल्हासनगर झालं. नातू बीकॉम करतोय कारण आईला भिंतीवर डिग्री हवी आहे. सरांनी त्याला फळ्याशी बोलावलं. त्याने खडूने लांबच लांब टेबल काढलं, त्यावर कापडाचे थर. वरच्या कागदावर पुढचा पाय, मागचा पाय, खिसे, पट्टा असे आकार बसवायचे. दोन पायांच्या मधल्या फटीत खिसा बसवतो तो चांगला कटिंग मास्तर. बसला नाही की चिंधी वाढली. "और चिंधी फेकते नहीं सर, किलो से बिकती है." सरांनी विचारलं, "मग ते पैसे कुठे धरता?" तो म्हणाला, "मम्मी रख लेती है."

वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. ते खुर्ची ओढून फळ्यासमोर बसले आणि कापड किती घेता, एका पँटला किती जातं, धुलाई कुठे, दोरा कुणाचा, असं विचारत गेले. घंटा झाली तरी विचारत होते. त्यांनी अंबरनाथची लोकल जाऊ दिली. त्या तासाचं बिल कुठल्या खात्यात गेलं ते माहीत नाही. मला मात्र प्रोसेस कॉस्टिंग तेव्हा कळलं आणि ते अजून उतरलेलं नाही.

सगळेच तास असे नसतात. भारतीय ज्ञान प्रणाली या विषयासाठी आम्हाला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. मॅडमनी देवळाकडे पाठ करून नोट्स सांगितल्या: शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला शिलालेख, भूमिज शैली. आम्ही वहीत तोंड खुपसून उतरवून घेतल्या. साडेनऊशे वर्षांचं देऊळ समोर उभं आणि त्याच्याकडे बघणारा कोणी नाही. नंतर पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो. खाली गारवा, ओल्या दगडाचा वास, आणि वरून थेट उजेड, कारण शिखर पुरं नाही. मित्र हळूच म्हणाला, "एवढी वर्षं सबमिशन बाकी, तरी केटी नाही." मॅडम ओरडल्या. पण ओरडता ओरडता त्यांनीही वर बघितलं.

देवळाला लागून वालधुनी वाहते. अंबरनाथच्या पलीकडच्या डोंगरातून निघून ती उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला खाडीला मिळते. वाटेत तिच्यात काय काय मिसळतं ते नाकाला आधी कळतं. पर्यावरण हा विषय कॉलेजात आला तो एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निकालामुळे. म्हणून आमचा फील्ड प्रोजेक्ट: 'वालधुनी, एक अभ्यास'. मागच्या बॅचच्या प्रोजेक्टचं ब्लॅक बुक झेरॉक्सवाल्याकडे तयारच असतं, नाव बदलायचे पैसे वेगळे. पण त्यांनी नदीचा फोटो म्हणून कुठल्यातरी हिमालयातल्या नदीचा छापला होता, काठाला देवदार वगैरे. ते आम्हालाही जड गेलं. मग एका रविवारी नाक दाबून पुलावर गेलो आणि खरे फोटो काढले.

व्हायवाला बाहेरून परीक्षक आले होते. पेन टेबलावर आपटणारे. त्यांनी पानं उलटली, फोटोंपाशी थांबले, पहिला बघितला, चौथा बघितला, परत पहिल्यावर आले.

"नदी एकच ना?"

"हो सर."

"मग पाण्याचा रंग कोणता लिहू?"

माझा सिंधी मित्र पुढे झाला. "किती वाजताचा, सर?"

त्यांनी दहापैकी आठ दिले आणि पुढचा रोल नंबर पुकारला.