तळ्याकाठची शिकवणी

वाचकहो, आपण सोलापूरला आलात आणि पहाटे जाग आली, तर चहापूर्वी सिद्धेश्वराच्या तळ्यावर या. पाण्याच्या मधोमध मंदिर, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज आणि काठाने चालणारी आमची वडीलधारी मंडळी. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यामुळे सूर्य वर येण्याआधी चालून घेणे हा शहाणपणा या गावाने केव्हाच आत्मसात केला आहे. कानावर मराठी पडते, कन्नड पडते, पूर्व भागातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू पडते, उर्दूही पडते. आणि चारही भाषांत विषय बहुधा एकच असतो, शुगर किती आली.

मी या गावात गेली अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकलो. १९६३ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाने माझ्यासारखे कितीतरी डॉक्टर गावोगावी पाठवले. रोग ओळखणे आणि औषध देणे तेथे मनापासून शिकलो. आहार मात्र आमच्या वाट्याला पाठ्यपुस्तकाच्या काही पानांपुरताच आला. व्यायामाचे म्हणाल, तर ‘रोज फिरत जा’ एवढ्यावर आमची विद्या संपत असे. ही उणीव मला पंचवीस वर्षे जाणवली नाही. जाणवली ती घरातच.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जुनी मधुमेही. मुलगा डॉक्टर, म्हणजे पथ्य कडक. मी तिचा भात बंद केला, केळे बंद केले, तेलकट म्हणून शेंगाची चटणी बंद केली. गोडाचा तर प्रश्नच नव्हता. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि अर्धा तास फिरणे. वर्षभरात तिचे वजन पन्नासवरून त्रेचाळीस किलोवर आले आणि शुगरचे आकडे पाहून मी समाधानी राहिलो. नोव्हेंबरातल्या एका पहाटे ती न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडली आणि उजवे मनगट मोडले. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून आईने अक्षता सोहळा चुकवलेला नव्हता. त्या वर्षी ती खिडकीत बसून राहिली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली वाद्ये लांबून ऐकू येत होती आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

त्याच सुमारास शेजारची मुलगी सुटीत घरी आली होती. ती आहारशास्त्र शिकत होती. काही वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना यंत्रमागाच्या कामातून सुटी मिळेना, म्हणून प्रवेशासाठी मीच तिच्यासोबत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो होतो. रात्री सोलापुरातून निघावे, सकाळी दादरला उतरावे, लोकलने सांताक्रूझ गाठावे. जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार आहे आणि त्यात सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या विद्यापीठाची ही शाखा. खरे सांगायचे, तर ‘गृहविज्ञान’ या शब्दाने माझ्या मनात शिवणकाम आणि लोणची येत होती. फलकावर लावलेला अभ्यासक्रम वाचताना मी जरा वरमलो. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्नातील सूक्ष्मजीवशास्त्र, मोठ्या स्वयंपाकघराचे व्यवस्थापन, रोगानुसार आहारोपचार, समुपदेशन असे सारे तेथे होते. तीन वर्षांची पदवी, त्यापुढे दोन वर्षांची एम.एस्सी. किंवा एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आणि शिवाय रुग्णालयात काही महिने इंटर्नशिप. त्या इंटर्नशिपमध्ये ही मुले वॉर्डातही असतात आणि रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातही. कोणाचे ताट भरलेले परत आले, हे पाहणे त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. आम्ही डॉक्टर केसपेपर पाहतो. ताट कधी पाहत नाही.

तर ती मुलगी आईच्या शेजारी जमिनीवर बसली. माझ्या फायलीकडे तिने पाहिलेही नाही. म्हणाली, “आजी, काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, सांगा बघू. पाण्याचा घोटसुद्धा.”

“काय जाणार बाई,” आई म्हणाली, “ह्यानं सगळंच बंद केलंय.”

यादी झाली. दोन वेळा चहा, चार मारी बिस्किटे, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ वरण, रात्री पुन्हा अर्धी भाकरी, थोडी भाजी, वाटीभर ताक. अर्धी का, तर कवळी सैल झाली होती आणि सोलापूरची भाकरी म्हणजे कडक. हे मला ठाऊक नव्हते. एकाच घरात राहून ठाऊक नव्हते. मुलीने कागदावर हिशेब मांडला, प्रथिने दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांना एक ते १.२ ग्रॅम द्यावीत, असे आता अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आईला गरजेच्या निम्मेच मिळत होते. वजनाचे जे सात किलो गेले होते, त्यात स्नायूंचा वाटा मोठा असणार, हे मला तेव्हा उमगले.

मग तिने आईला खुर्चीवर बसवले, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि म्हणाली, “आता हाताचा आधार न घेता उठा.” आई उठू शकली नाही. तीनदा प्रयत्न केला.

“काका,” ती हळूच म्हणाली, “सकाळची शुगर कधी बघितलीत? जेवणानंतरची नाही, पहाटेची.” दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी ग्लुकोमीटर लावला. ६२. खाणे निम्म्यावर आले होते आणि गोळीचा डोस पूर्वीइतकाच होता. ज्या पहाटे आई पडली, तेव्हा साखर किती होती हे आता कोणाला कळणार? मला मात्र त्याचे उत्तर ठाऊक आहे, असे वाटत राहते.

गोळी कमी करणे माझे काम होते, ते केले. वाचकहो, आपण हे आपल्या मनाने करू नका. परंतु घरातील मधुमेही वृद्धाची भूक कमी झाली असेल, वजन उतरत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर त्याच आठवड्यात घाला. पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

उरलेले काम त्या मुलीने केले आणि तिने आईच्या ताटात सोलापूरच परत आणले. भाकरी तीच, पण शेंगाच्या पातळ आमटीत कुस्करून, पाच मिनिटे मुरू देऊन. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठात पाच ग्रॅम प्रथिने येतात, मूठभर शेंगदाण्यांत सात, दाट वरणाच्या वाटीत जवळपास तितकीच, पेलाभर दुधात सहा-सात. शेंगाची चटणी परत आली, मीठ कमी करून. वाटीभर भातही आला, पण वरणासोबत आणि मोजून. (मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हा हिशेब लागू नाही. तेथे प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

येथे ज्वारीविषयी थोडे विषयांतर करतो, कारण हल्ली तिच्या गुणगानाला धरबंध राहिलेला नाही. आमचा जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण आजही शेतकरी पेरतात. तिचा अभिमान मलाही आहे. पण याच दख्खनच्या पट्ट्यात, जे गरीब जवळजवळ केवळ ज्वारीवर जगत, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग दिसे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, पुढे बुद्धिभ्रम. हैदराबादचे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्याशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यावर बरीच चर्चा झाली, परंतु धडा टिकला: भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी हवीच. मोबाइलवर ‘फक्त ज्वारी खा’ असे सांगणाऱ्याला हा इतिहास माहीत नसतो. विद्यापीठात शिकलेल्या आहारतज्ज्ञाला तो माहीत असतो. दोघांतला फरक मला इतकाच सांगायचा होता.

व्यायामाची कथा वेगळी. त्यासाठी आम्हाला दुसरे दार ठोठवावे लागले, कारण आहार आणि व्यायाम या दोन्ही विद्या आपल्याकडे वेगवेगळ्या घरांत नांदतात. आजारी किंवा दुखापत झालेल्या माणसाला व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट बी.पी.टीएच. ही पदवी घेतो. इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम अनेक वर्षे चालत आला आहे आणि आपल्या राज्यात त्याची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. निरोगी शरीर घडवणारी शाखा शारीरिक शिक्षणाची. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने मल्लखांब आणि कबड्डी जगाला दाखवली होती. आमच्या गल्लीतला एक मुलगा अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आला. तो शाळेत शिकवतो आणि पहाटे किल्ल्याच्या बागेत ज्येष्ठांचा व्यायाम घेतो. आईचे मनगट जुळल्यावर फिजिओथेरपिस्टने तिला आखून दिलेला व्यायाम तोच करवून घेत असे. मनगट बरे होईपर्यंत मात्र तो स्वतः पुढे आला नाही. “काका, हे माझं क्षेत्र नाही,” म्हणाला. आपली हद्द ओळखणे हीदेखील शिक्षणाचीच खूण, असे मला त्या वेळी वाटले.

व्यायाम तरी काय होता? ओट्याला हात टेकून टाचा उचलणे. खुर्चीवरून उठणे, बसणे. प्रथम दोन उशा ठेवून, मग एक काढून, मग दोन्ही काढून. एका पायावर दहा सेकंद, शेजारी भिंत आणि माणूस दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सुचवले आहेत. नुसते फिरणे पुरत नाही. मी जन्मभर नुसते फिरायलाच सांगत आलो.

आपण घरी एक चाचणी करून पाहू शकता. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूची रेघ मारा. आजींनी किंवा आजोबांनी उठावे, रेघेपर्यंत नेहमीच्या गतीने चालावे, वळून परत येऊन बसावे. घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांकडे जा. चाचणी करताना शेजारी उभे राहा. आईला पहिल्यांदा बावीस सेकंद लागले होते.

आता ती मुलगी शिक्षण पूर्ण करून सोलापुरात परतली आहे. इंडियन डायेटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या दोन्ही व्यवसायांना आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान दिले आहे. तरीही ‘डाएटिशियन’ अशी पाटी लावलेले दुकान दिसले, तर विचारायला संकोचू नका. पदवी कोणती, इंटर्नशिप कोठे केली? आणि पहिल्याच भेटीत पावडरीचा डबा पुढे आला, तर नमस्कार करून उठा.

तिची खरी परीक्षा पूर्व भागात चालू आहे. दिवसभर मांडी घालून, मान वाकवून विड्या वळणाऱ्या बायका तेथे राहतात. त्यांच्या ताटात भात आणि आंबट पुलुसू. ‘भात सोडा’ म्हणणारा डॉक्टर त्यांना परका वाटतो. ही मुलगी तेलुगूत बोलते, भात अर्धा करून पप्पू, म्हणजे त्यांचे दाट वरण, दुप्पट करायला सांगते आणि दर तासाला विड्यांचे सूप बाजूला ठेवून दारापर्यंत दोनदा जाऊन या म्हणते. तिची तेलुगू आईकडून आलेली, जुहूच्या वर्गातली नव्हे. पैसे फार मिळत नाहीत. मुंबईत राहिली असती, तर अधिक मिळाले असते, असे तिचे वडील मला अधूनमधून ऐकवतात, जणू तिला परत मीच बोलावले.

यंदाच्या जानेवारीत आईने ठरवले की अक्षतेला जायचे. मी म्हणालो, गर्दी असते, टीव्हीवर पाहू. तिने माझ्याकडे पाहिले आणि खुर्चीवरून, हात न टेकता, उठून दाखवले. रेघेची चाचणी आदल्या आठवड्यातच झाली होती, अकरा सेकंद. तरी मी घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, खिशात ग्लुकोजची पुडी असा जामानिमा घेऊन निघालो. संमती कट्ट्यासमोर पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज घेऊन आले, तेव्हा आईच्या एका बाजूला मी होतो आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी. अक्षता टाकायची वेळ आली. आईने खुर्ची दूर सारली, माझा हात सोडला आणि उजव्या, मोडून जुळलेल्या मनगटाने मूठभर तांदूळ वर उधळले. त्यातले बरेचसे माझ्या चष्म्यावर पडले.